‘लियांग-झू’ व्हायोलिन कॉन्चेर्टो, शांघाय १९५९ : एका संगीतसंयोगाचा प्रकरण अभ्यास

२७ मे १९५९ रोजी शांघायच्या लायसियम नाट्यगृहात, ज्याला चिनी लोक लानशिन म्हणून ओळखतात, शांघाय संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थी वाद्यवृंदाने एक नवी रचना प्रथमच सादर केली. व्हायोलिनवर विशीही न गाठलेली यू लिना ही विद्यार्थिनी होती, संचालन फान चेंगवू यांचे होते आणि रचनाकार म्हणून हे झानहाओ व चेन गांग या दोन विद्यार्थ्यांची नावे होती. सुमारे सव्वीस मिनिटांची, एकाच अखंड भागात बांधलेली ही रचना म्हणजे ‘लियांग शानबो आणि झू यिंगताय’ हा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची मोठी रचना. चीनमध्ये त्याला थोडक्यात ‘लियांग-झू’ म्हणतात आणि बाहेरचे जग त्याला फुलपाखरू-प्रेमिकांचा कॉन्चेर्टो म्हणून ओळखते. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या चिनी रचनांपैकी इतकी वाजवली गेलेली दुसरी रचना सापडणे अवघड आहे.

या रचनेचे वर्णन बहुधा ‘चिनी चाल आणि पाश्चात्त्य बांधणी’ असे केले जाते. हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि त्यामुळे तिचा खरा कस झाकला जातो. चिनी चाली पाश्चात्त्य वाद्यांवर वाजवण्याचे प्रयोग त्यापूर्वीही झाले होते. यातले बहुतेक प्रयोग आज इतिहासाच्या अभ्यासकांनाच आठवतात. ‘लियांग-झू’ टिकून राहिला याचे कारण, माझ्या मते, त्याच्या रचनाकारांनी चिनी नाट्यसंगीताकडून सुरावटींच्या जोडीने काळ हाताळण्याची आणि बोट सरकवण्याची पद्धतही उचलली, आणि ती पद्धत जिथे सोनाटाच्या, म्हणजे मुख्य कल्पना व उपकल्पना यांची मांडणी, विस्तार आणि पुनरावृत्ती अशा पाश्चात्त्य संगीताकाराच्या, नियमांशी भिडली तिथे बहुतेक वेळा नियमालाच वाकवले. पुढील विवेचन याच दाव्याची तपासणी आहे.

परिस्थिती

शांघाय संगीत महाविद्यालयाची स्थापना १९२७ साली झाली. शिक्षणतज्ज्ञ त्साय युआनपेई आणि संगीतकार शाओ योउमेई हे तिचे संस्थापक. बंदराच्या या शहरात युरोपीय वाद्यवृंदाची परंपरा आधीपासूनच होती, आणि क्रांतीनंतर रशियातून बऱ्याच संख्येने आलेल्या वादकांनी व शिक्षकांनी व्हायोलिन-पियानोच्या शिक्षणाला मजबूत पाया दिला होता. १९४९ साली साम्यवादी राजवट आल्यानंतर सोव्हिएत अभ्यासक्रमाची छाप त्यावर आणखी गडद झाली. परिणामी १९५०च्या दशकात येथून बाहेर पडणारा व्हायोलिनवादक तंत्राने तयार असे, परंतु त्याच्या वादनसूचीत चिनी म्हणावे असे जवळजवळ काहीच नसे.

ही उणीव १९५८ साली राजकीय प्रश्न बनली. ‘मोठी झेप’ ही झपाट्याने उत्पादन वाढवण्याची सरकारी मोहीम सुरू झाली होती, कलावंतांना खेड्यांत आणि कारखान्यांत पाठवले जात होते, आणि संगीताने ‘राष्ट्रीय’ व्हावे, जनतेचे व्हावे, असा आग्रह वरून होता. शेतकऱ्यांसमोर युरोपीय रचना वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथे सभ्य शांतता मिळे, आणि कार्यक्रमानंतर स्थानिक नाटकातले काही येते का, अशी विचारणा होई. आग्रह राजकीय असला तरी या विचारणेमागचा अनुभव खोटा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. कारण पुढे जे घडले त्याला केवळ आदेशाचे पालन म्हणून निकालात काढण्याची सवय काही समीक्षकांना आहे.

त्याच वर्षी व्हायोलिन विभागातील काही विद्यार्थ्यांचा एक प्रयोगगट तयार झाला. व्हायोलिनची चिनी शैली घडवणे हा त्याचा हेतू होता. हे झानहाओ, डिंग झिनुओ, यू लिना, शेन शिदी ही त्यातली प्रमुख नावे. गटाने आधी लहान कामे हाती घेतली. एर्हू या दोन तारांच्या, गजाने वाजवायच्या चिनी वाद्याचे वादक आबिंग यांची सुप्रसिद्ध एर्हू-रचना तंतुवाद्यांसाठी बसवली गेली, काही लोकप्रिय दाक्षिणात्य चालींची रूपांतरे झाली, आणि हे झानहाओ यांनी लियांग-झूच्या कथेवर तंतुवाद्य चौकडीसाठी एक छोटी रचना केली. पुढच्या मोठ्या कामाचे बीज या चौकडीत होते.

हे झानहाओ यांचा प्रवास इतर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळा होता आणि तो या प्रकरणात निर्णायक ठरतो. १९३३ साली झेजियांग प्रांतातील झूजी येथे जन्मलेला हा मुलगा महाविद्यालयात येण्यापूर्वी झेजियांगमधील युए ऑपेरा या स्थानिक संगीतनाट्याच्या मंडळीच्या वाद्यवृंदात वादक होता. १९५७ साली तो शांघायला शिकायला आला तेव्हा व्हायोलिनवर त्याचा हात सहाध्यायांइतका बसलेला नव्हता. मात्र युए ऑपेराचे गायन त्याने शेकडो वेळा साथीला बसून ऐकले होते. नट कोणत्या शब्दावर थांबतो, थांबल्यावर वाद्ये काय करतात, रडण्याच्या प्रसंगी ताल कुठे सुटतो, हे त्याला ठाऊक होते. ही जाण ग्रंथालयातून येत नाही.

विषयाची निवड

१९५९ हे लोकप्रजासत्ताकाचे दहावे वर्ष होते आणि त्यानिमित्त प्रत्येक संस्थेने काही भेट सादर करावी अशी अपेक्षा होती. गटाने विषयांची यादी केली. पोलादनिर्मितीची मोहीम आणि महिला स्वयंसेवी सैनिक हे दोन विषय त्या काळाला साजेसे असेच होते. लियांग-झूची कथा यादीत तिसऱ्या क्रमांकावर, काहीशी भीत भीत घातलेली. महाविद्यालयातील पक्षाचे जबाबदार पदाधिकारी मेंग बो हे स्वतः संगीतकार होते. त्यांनी तिसऱ्या विषयावर खूण केली.

हा निर्णय वाटतो तितका विक्षिप्त नव्हता. कथेतील झू यिंगताय ही मुलगी शिकण्यासाठी पुरुषवेष करून हांगझोऊला जाते, तेथे तीन वर्षे लियांग शानबोबरोबर एका वर्गात शिकते, घरी परतताना अठरा ली (ली हे चिनी अंतरमाप) चालेपर्यंत त्याला नाना सूचक उपमांनी आपले स्त्रीत्व सुचवत राहते आणि तो भोळा काही समजत नाही. सत्य कळते तेव्हा वडिलांनी तिचे लग्न मा वेनत्साय याच्याशी ठरवलेले असते. लियांग झुरून मरतो. लग्नाच्या दिवशी झू त्याच्या थडग्यापाशी आक्रोश करते, थडगे दुभंगते, ती आत उडी घेते, आणि दोघे फुलपाखरे होऊन बाहेर पडतात. सक्तीच्या विवाहाला विरोध करणारी नायिका नव्या राजवटीला हवीच होती. युए ऑपेराच्या शैलीत याच कथेवर काढलेला रंगीत चित्रपट १९५४ साली जिनिव्हा परिषदेच्या वेळी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी परदेशी पाहुण्यांना दाखवला होता, आणि त्याची ओळख चिनी रोमिओ-ज्युलिएट अशी करून द्यावी असे त्यांनीच सुचवले होते. म्हणजे कथेला अधिकृत मान्यता मिळालेली होती.

अडचण होती ती शेवटाची. फुलपाखरे होणे ही अंधश्रद्धा ठरेल की काय, या धास्तीने हे झानहाओ यांनी तो भाग वगळण्याचा विचार केला होता. येथेही मेंग बो यांनीच तो भाग ठेवण्यास सांगितले. संगीताच्या दृष्टीने हा सल्ला किती मोलाचा होता हे पुढे दिसेल, कारण शेवट नसता तर पुनरावृत्तीचा भागच उरला नसता आणि सोनाटा अर्ध्यात तुटला असता.

नाट्यपरंपरा

युए ऑपेरा हे चीनच्या मोठ्या नाट्यप्रकारांतले वयाने लहान भावंड. झेजियांगमधील शेंगशियान परिसरात कथागायनातून १९०६च्या सुमारास ते रंगमंचावर आले, शांघायमध्ये वाढले आणि १९३०च्या दशकापासून त्यात स्त्रियांच्या मंडळ्यांचे वर्चस्व झाले. नायकाची भूमिकाही स्त्रीच करते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर वाढलेल्या मराठी रसिकाला ही उलटी रीत समजायला वेळ लागू नये. पुरुषाचे दुःख स्त्रीच्या आवाजात ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना त्याच पट्टीतल्या व्हायोलिनने दोन्ही पात्रे बोलावीत, यात काही वावगे वाटले नसावे.

१९४०च्या दशकात युआन शुएफेन, फान रुईजुआन, यिन ग्वेइफांग अशा अभिनेत्रींनी आपापल्या गायनशैली घडवल्या, त्यात हुकीन या गजाने वाजवायच्या चिनी तंतुवाद्याचे वादक झोऊ बाओत्साय यांच्यासारख्या साथीदारांचा मोठा वाटा होता. लियांग-झूच्याच कथेच्या नाटकात, १९४५ साली, फान रुईजुआन आणि झोऊ बाओत्साय यांनी शोकासाठी एक नवी स्वररचना-पद्धत रूढ केली. हे झानहाओ यांच्यासमोर असलेली परंपरा अशी जिवंत आणि बदलती होती. कॉन्चेर्टोची प्रेमाची मुख्य सुरावट यिन ग्वेइफांग यांच्या गायकीतल्या एका लकबीतून उगवली असे सांगितले जाते. ती सुरावट जशीच्या तशी घेतलेली नाही. एका वाक्याचा धागा पकडून तिचे दोन तोलदार चरण केलेले आहेत.

सरगमीत लिहायचे तर तिचा पहिला चरण साधारण ‘ग प ध सा रे ध सा प’ असा आहे, यातले ग, प, ध खालच्या सप्तकातले. स्वर भूपाचे, पण चाल भूपाची अजिबात नाही. पहिला चरण खालच्या पंचमावर येऊन टेकतो, दुसरा चरण वरच्या षड्जापर्यंत झेप घेऊन ऋषभावर थबकतो, आणि षड्ज हा विसाव्याचा स्वर म्हणून बराच काळ टाळला जातो. चाल पुढे पुढे ओढत नेण्याची ही युक्ती गायकाच्या श्वासातून आलेली आहे.

दोघांचे काम

हे झानहाओ यांना चाली सुचत होत्या, मात्र मोठा वाद्यवृंद लिहिण्याचे शिक्षण त्यांच्याकडे नव्हते. रचना विभागाचे डिंग शान्दे यांच्याकडे मदत मागितली गेली. डिंग शान्दे १९४०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये शिकून आले होते, आणि प्रयोगगटातली डिंग झिनुओ ही त्यांचीच मुलगी. त्यांनी आपला विद्यार्थी चेन गांग याला या कामाला जोडून दिले.

चेन गांग यांचा जन्म १९३५चा. वडील चेन गेशिन हे जुन्या शांघायच्या नाचघरांतून आणि चित्रपटांतून गाजलेल्या गीतांचे संगीतकार. त्यांचे एक गीत १९५१ साली इंग्रजीत जाऊन अमेरिकेतही लोकप्रिय झाले होते. १९५७ साली ते ‘उजवे’, म्हणजे राजवटीचे विरोधक, ठरवले गेले, आन्हुई प्रांतातील श्रमछावणीत पाठवले गेले आणि १९६१ साली तेथेच वारले. मुलगा ‘लियांग-झू’ लिहीत होता तेव्हा वडील छावणीत होते. या रचनेतल्या विलापाचा उलगडा चरित्रातून करण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. चेन गांग यांचे काम मुख्यतः आराखडा, विस्तार, स्वरसंवाद (हार्मनी) आणि वाद्ययोजना हे होते, आणि त्यातली शिस्त पाहता ते थंड डोक्याने केलेले दिसते.

श्रेयाच्या वाटणीवरून पुढे दोघांत जाहीर मतभेद झाले. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. चाल आणि बांधणी एकमेकांपासून सोलून काढता येत नाहीत अशा जागा या रचनेत इतक्या आहेत की टक्केवारीचा हिशेब निरर्थक ठरतो.

रचनेतील सांधे

टिंपनीच्या मंद घुमारावर बासरी पक्ष्यासारखी बोलते, ओबो एक छोटी सुरावट सांगतो, आणि हार्पच्या साथीने व्हायोलिन जी मेजरमध्ये प्रेमाची सुरावट मांडते. ही सोनाटाची मुख्य कल्पना. थोड्या वेळाने सेलो तिला उत्तर देतो. या संवादात व्हायोलिन ही झू, सेलो हा लियांग. उपकल्पना ई मेजरमध्ये, चपळ, शाळेतल्या खोडकर दिवसांची. अभिजात सोनाटात मुख्य स्वराच्या पंचमावर जाण्याची जी रीत आहे ती येथे पाळलेली नाही. छटा बदलण्यासाठी पट्टी बदलली आहे. नंतर अठरा लींच्या निरोपाने पहिला भाग संथ होत संपतो.

येथपर्यंत सारे गोड आहे, आणि खरे सांगायचे तर थोडे जास्तच गोड आहे. केवळ इतकेच असते तर ही रचना सुरेल चित्रमालिकेपेक्षा वेगळी ठरली नसती. तिचे वजन मध्यभागात आहे.

विस्तारभागाची सुरुवात खालच्या तंतूंच्या काळोखी स्वरांनी होते, पितळी वाद्ये बापाच्या हुकमाची कर्कश सुरावट घेऊन येतात आणि व्हायोलिन तुटक, ठेका चुकवणाऱ्या स्वरगुच्छांनी त्यांना उत्तर देते. हा विवाहाला नकार. सोव्हिएत पद्धतीच्या संघर्षसंगीताची छाप येथे स्पष्ट आहे, आणि पाश्चात्त्य समीक्षकांनी या रचनेला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रशियन स्वच्छंदतावादाची चिनी आवृत्ती म्हटले ते मुख्यतः याच पानांमुळे. आक्षेप बिनबुडाचा नाही. पितळी वाद्यांची ती पाने चिनी कथेऐवजी दुसऱ्या कोणत्याही कथेला लावता येतील.

मग मनोऱ्यावरची भेट येते, लग्न ठरल्याचे कळल्यानंतरची त्या दोघांची. व्हायोलिन आणि सेलो पुन्हा बोलू लागतात, आता एकमेकांचे वाक्य तोडत, एकमेकांवर ओणवत. नाटकात हा प्रसंग दोन गायिकांचा असतो, आणि येथे वाद्यांना अक्षरशः त्यांच्या उच्चारांची चढउतार दिली आहे.

त्यानंतरचा थडग्यापाशीचा विलाप हा या संपूर्ण प्रकरणाचा गाभा. त्यात दोन नाट्ययुक्त्या वापरल्या आहेत. पहिली बीजिंग ऑपेरातून घेतलेली: गाण्याच्या आधीची एक मुक्तलय ओळ, जी नट बहुधा पडद्याआडून मोठ्या आवेगाने फेकतो आणि जिला मात्रांचे बंधन नसते. व्हायोलिन ती ओळ एकटीने घेते, वाद्यवृंद फक्त आघात देऊन थांबतो. दुसरी युक्ती युए ऑपेराची आणि एकूण चिनी रंगभूमीची: साथ जलद, काटेकोर ठेक्यात, दम न घेता धावते, आणि गायन तिच्या डोक्यावरून संथ, लांबवलेले, ठेक्याला न जुमानणारे जाते. श्रोत्याला एकाच वेळी घाई आणि खिळलेपण असे दोन्ही जाणवते. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मनाचे हे याहून नेमके ध्वनिरूप मला दुसऱ्या कोणत्या परंपरेत चटकन आठवत नाही.

पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी ही जागा कठीण आहे. संचालकाचा हात साऱ्यांना एक ठेका देण्यासाठी असतो. येथे साठ-सत्तर वादकांनी घट्ट ठेका धरायचा आणि एकल वादकाने त्यातून सुटायचे, तरी दोघांनी वाक्याच्या अखेरीस भेटायचे. चिनी रंगभूमीवर ही भेट घडवून आणतो तो बानगू वाजवणारा. बानगू म्हणजे बारीक बांबूच्या काड्यांनी वाजवायचा, कोरड्या टणत्कारी आवाजाचा लहान ढोल. तो वाजवणारा माणूस नटाच्या पावलांकडे आणि श्वासाकडे पाहून सर्व वाद्यांना इशारे देतो. रचनाकारांनी हा बानगू वाद्यवृंदात बसवला. रंगासाठी एखादे देशी वाद्य घालण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते, पण येथे वाद्याबरोबर त्याचे कामही आणले आहे. विलापाच्या जलद भागात बानगूचा ठोका ऐकत वाद्यवृंद धावतो. उपलब्ध ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकली तर चांगले आणि साधारण सादरीकरण यांतला फरक नेमका या जागी कळतो: ज्या संचालकाने एकल वादकाला ठेक्यात बांधले आहे, त्याच्याकडे हा भाग फक्त वेगवान होतो, आर्त होत नाही.

विलाप टोकाला जातो, मोठा झांज-घंटेचा आघात होतो, झू थडग्यात उडी घेते. पुढे पुनरावृत्ती. बासरी आणि हार्प पुन्हा येतात, व्हायोलिन मूक-पट्टी लावून, दबलेल्या आवाजात प्रेमाची सुरावट म्हणते. आणि येथे सोनाटाचा एक ठळक नियम मोडला आहे. शिस्तीप्रमाणे मुख्य आणि उपकल्पना दोन्ही परत याव्यात. ‘लियांग-झू’त उपकल्पना परत येतच नाही. शाळेचे दिवस मेलेल्यांना पुन्हा मिळत नाहीत, फुलपाखरांना तर त्यांची गरजच नाही. एखाद्या परीक्षकाने हा दोष म्हणून नोंदवला असता. कथेला प्रमाण मानून आकाराला कात्री लावण्याचे हे धैर्य विद्यार्थ्यांनी दाखवले, किंवा त्यांना तसे करू दिले गेले, ही या प्रकरणातली दखल घेण्याजोगी बाब आहे.

स्वरसंवादाचा पेच

पाच स्वरांच्या चालीला युरोपीय स्वरगुच्छांची साथ देताना एक मूलभूत अडचण येते. त्या साथीचा जोर अर्धस्वराच्या ओढीवर उभा असतो: शुद्ध निषाद षड्जाकडे ओढला जातो, मध्यम गांधाराकडे. ज्या चालीत निषाद आणि मध्यम दोन्ही नाहीत, तिच्याखाली हे स्वर आले की चाल परक्या घरात राहायला आल्यासारखी वाटते. ते टाळले तर साथीला पुढे ढकलण्याची ताकद उरत नाही. चिनी रचनाकारांना ही अडचण १९३०च्या दशकापासून छळत होती. चेन गांग यांचा तोडगा व्यवहारी आहे. जिथे चाल सुखाची आहे तिथे साथ विरळ ठेवायची, हार्पच्या तुटक स्वरांनी आणि मोकळ्या चतुर्थ-पंचमांनी भागवायचे; जिथे संघर्ष आहे तिथे मात्र अर्धस्वरांची पूर्ण फौज उतरवायची. परिणामी रचनेत एक अर्थविभागणी आपोआप तयार होते: पाच स्वर म्हणजे प्रेमिक, अर्धस्वरांचा ताण म्हणजे त्यांच्यावरची सक्ती. ही विभागणी परिणामकारक आहे, तशीच ती सोपीही आहे. पाश्चात्त्य स्वरसंवादाला खलनायकाची भूमिका देऊन चिनी चालीला निरागस ठेवणे, यात दोन परंपरांची खरी गाठ पडत नाही. म्हणूनच मी या रचनेचे यश स्वरसंवादात न शोधता लयीत आणि बोटांत शोधतो.

बोटांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. एर्हूला व्हायोलिनसारखी बोटपट्टी नसते. तारा हवेत ताणलेल्या असतात, बोट तारेवर दाबून पट्टीला टेकत नाही, आणि त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे सरकणे हेच तिथले स्वाभाविक बोलणे असते. व्हायोलिनच्या विसाव्या शतकातील शिक्षणात मात्र असे सरकणे अतिभावुक म्हणून कमी करत नेले गेले होते. प्रयोगगटाने ते परत आणले, आणि कुठे कसे आणायचे हे ठरवले. विशेषतः पाच स्वरांच्या चालीतील मोठ्या फटी, म्हणजे ध ते सा किंवा ग ते प, भरताना बोट कोणत्या वेगाने जावे, आधी थांबून मग झटकन जावे की आरंभापासून रेंगाळावे, हे नायिकेच्या शब्दोच्चारावरून ठरले. यू लिना यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात हे सरकणे ठळक आहे. पुढे आलेल्या काही आंतरराष्ट्रीय वादकांनी ते नाममात्र केले किंवा सगळीकडे सारखेच केले. दोन्ही प्रकारांत नायिका बोलायची थांबते.

पुढील वाटचाल

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी टाळ्या थांबेनात म्हणून रचना पुन्हा वाजवावी लागली, अशी आठवण सांगितली जाते. सांस्कृतिक क्रांतीत (१९६६–७६) मात्र ‘लियांग-झू’ बंद पडली. जुन्या काळातील विद्वान-प्रेमिकांची कथा आणि परदेशी आकार, दोन्ही एकदम गुन्हा ठरले. त्या दशकाने ‘पिवळी नदी’ हा पियानो कॉन्चेर्टो दिला. शियान शिंगहाय यांच्या १९३९ सालच्या समूहगायन-रचनेवरून एका समितीने तो १९६९ साली पूर्ण केला. दोन्हींची तुलना उद्बोधक आहे: ‘पिवळी नदी’त एकोणिसाव्या शतकातील पियानोवादक-संगीतकार लिस्टसारखे पियानोचे तेज आहे आणि चाली राष्ट्रीय आहेत, पण चिनी वादनपद्धतीने पाश्चात्त्य वाद्याची सवय बदलल्याच्या जागा तुलनेने कमी सापडतात.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘लियांग-झू’ परतली. जपानी व्हायोलिनवादक ताकाको निशिझाकी यांच्या ध्वनिमुद्रणांनी ती पूर्व आशियाभर पोहोचवली, गिल शाहम यांनी सिंगापूरच्या वाद्यवृंदाबरोबर ती मुद्रित केली. दरम्यान बीजिंगच्या केंद्रीय संगीत महाविद्यालयात १९७८ साली प्रवेश घेतलेली पिढी घडत होती: तान दुन, चेन यी, झोऊ लाँग, चेन चिगांग, गुओ वेनजिंग. या पिढीला सुरेल सोनाटाचे आकर्षण नव्हते. तान दुन यांनी २००३ साली बॉस्टनच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या सेलो कॉन्चेर्टोत हुनानच्या खेड्यांतील गायक-वादकांची चित्रफीत वाद्यवृंदाबरोबरच चालते आणि सेलो पडद्यावरच्या माणसाशी संवाद करतो. तेथे चाल उचलून बसवण्याचा प्रश्नच टाळला आहे. या पिढीतील काहींनी ‘लियांग-झू’ला गोडगोड ठरवून मागे टाकले. तरीही ध्वनीच्या पोताकडे, बोट सरकण्याकडे, मुक्तलयीच्या ओळीकडे पाहण्याची त्यांची नजर पूर्णपणे नवी होती असे म्हणता येत नाही. १९५८च्या गटाने त्या दिशेने, त्या काळच्या मर्यादांत, पहिली काही पावले टाकली होती.

या प्रकरणाची एक उलट चाचणीही उपलब्ध आहे, आणि ती मला सर्वांत उपयोगी वाटते. ‘लियांग-झू’ची रूपांतरे काओहू, एर्हू, फिफा अशा चिनी तंतुवाद्यांसाठीही झाली आहेत. ज्या वाद्याचे अनुकरण व्हायोलिनने केले, त्याच वाद्यावर ती रचना परत आली. एर्हूवर प्रेमाची सुरावट, मनोऱ्यावरची भेट आणि विलाप कोणत्याही प्रयासाशिवाय बसतात. विलाप तर काही वेळा व्हायोलिनपेक्षा अधिक टोचतो, कारण सरकणे तेथे अलंकार राहत नाही. अडते ते विवाहाला नकार देणाऱ्या भागात. एर्हूचा गज दोन तारांच्या मधून ओवलेला असतो, त्यामुळे तिच्यावर व्हायोलिनप्रमाणे तीन-चार तारांवर एकदम घाव घालून स्वरगुच्छ काढता येत नाही. रूपांतरकाराला ते गुच्छ एकेका स्वरात फोडावे लागतात किंवा इतर वाद्यांकडे सोपवावे लागतात, आणि झूचा नकार तिच्या स्वतःच्या आवाजातून निसटून वाद्यवृंदाकडे जातो. मागे ज्या पानांना कोणत्याही कथेला लावता येतील असे म्हटले, त्यांतली पितळी वाद्यांची पाने एर्हूच्या रूपांतरातही जशीच्या तशी चालतात. व्हायोलिनचे ते चार तारांवरचे घाव मात्र चालत नाहीत.